थिजणे आणि गोठणे

पुण्यात थंडी पडली हे आम्हांला वर्तमानपत्र सांगण्याच्या आधी खोबरेल तेलाची बाटली सांगते. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजू लागते. ऑक्टोबरचा उकाडा सरतो, दिवाळी मागे पडते आणि एके सकाळी बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही. मग कोणी ती खिडकीतल्या उन्हात ठेवते, कोणी कढत पाण्याच्या तपेलीत उभी करते. पाच मिनिटांत तेल पाझरते आणि थंडीशी असलेला आमचा झगडा तिथेच संपतो. थिजलेल्या वस्तूवर कढत पाणी हा उपाय आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. तो एकदा आमच्या अंगलट आला. ती हकीकत सांगावयाची आहे.

पुण्याला थंडीचा अभिमान मात्र मोठा. शिवाजीनगरात 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि येताना त्या थंड गावाचे नाव घेऊन आले. कार्यालयाचे काम बदलले, मुख्यालय पुढे दिल्लीस गेले. चौकाचे नाव मात्र राहिले. त्याच खात्याच्या नोंदींत पुण्याचा नीचांक १९३५ च्या जानेवारीतला आहे : १.७ अंश. म्हणजे पारा शून्याच्या दारापर्यंत गेला आणि उंबरठ्यावरूनच परतला. शून्याच्या पलीकडे काय असते याची थोडी चुणूक पाहावयाची तर महाबळेश्वरास जावे लागते. तेथे वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची छायाचित्रे छापून येतात. हवेचा पारा तेव्हा शून्याच्या चार-पाच अंश वर असू शकतो. निरभ्र, निवांत रात्री गवताचे पाते आणि गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेहून अधिक गार होतात, म्हणून ते घडते. ऊन चढले की तासाभरात सारे नाहीसे होते. आमच्या मुलखातले गोठणे हे असे पाहुण्यासारखे येऊन जाणारे.

भाषेतही याची खूण सापडते. थंडीसाठी मराठीत शब्द कमी नाहीत. पण ते बहुतेक अंगाचे आहेत. आपण काकडतो, कुडकुडतो, गारठतो. आपल्याला हुडहुडी भरते. वस्तूंच्या वाट्याला आलेली क्रियापदे स्वयंपाकघरातली : तूप थिजते, दूध विरजते. रक्त साकळते. राहता राहिले गोठणे. ते आम्ही वर्गात फार वापरतो. गोठलेल्या संवेदना, गोठलेला काळ, गोठलेली नाती. आम्ही दोघेही पुण्यात मराठी शिकवतो आणि दोघांनी मिळून हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याची गणती नाही. गोठलेली एखादी वस्तू हाताने उघडण्याचा प्रसंग मात्र चाळिशीपर्यंत आमच्यावर आला नव्हता.

तो आला २०१९ मध्ये. दादा शिकागोच्या एका उपनगरात राहतो. दादा म्हणजे आम्हां दोघांपैकी एकाचा थोरला भाऊ; पण लग्नानंतर दोघांचाही तो दादाच झाला आणि वहिनी दोघांच्याही वहिनी. वहिनींची केमोथेरपी सुरू होती. दादाने कधी 'या' म्हटले नव्हते. त्या वेळीही म्हटले नाही. वहिनींनीच एकदा फोनवर सहज सांगावे तसे सांगितले, की त्या दिवशी हा एकटाच असतो, दमतो. आम्ही अर्जित रजा टाकली आणि जानेवारीच्या अखेरीस तेथे पोहोचलो.

दादाने 'या' का म्हटले नाही हे आम्हांला ठाऊक होते. बाबा २०१० च्या जानेवारीत गेले तेव्हा दादा आला नाही. शेवटच्या आजारात नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. कारणही दिले नाही. 'जमत नाही' एवढेच. तेरावे झाल्यावर आम्ही त्याला पत्र लिहिले. ई-मेल नव्हे, कागदावर, शाईने. एकाने मजकूर लिहिला, दुसऱ्याने वाक्ये घासली. पत्र फार चांगले उतरले होते, आणि हाच त्याचा मोठा दोष. शब्द नेमके होते, एकही वाक्य सैल नव्हते, वाचणाऱ्याला सुटायला कोठे फट नव्हती. उत्तर आले नाही. पुढची नऊ वर्षे फोन होत राहिले : दिवाळी, वाढदिवस, हवापाणी. भांडण झाले नाही, आणि ते न झाल्यामुळे मिटवायचीही सोय राहिली नाही.

आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात ध्रुवाकडची थंडी खाली उतरली. ३० जानेवारीस शिकागोचा पारा उणे ३१ अंशांच्या जवळ गेला. टपाल खात्याने कित्येक भागांतले वाटप थांबवले. लोहमार्गाचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांलगत गॅसच्या ज्योती पेटवून ठेवल्या होत्या; दूरचित्रवाणीवर जळत्या रुळांवरून गाड्या जाताना दिसत होत्या. आम्ही खिडकीशी बसून होतो. बाहेर दोन मिनिटे उभे राहिलो तर नाकातला ओलावा टोचू लागला.

त्या खिडकीशी आम्हांला आनंदीबाई जोशी आठवल्या. श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी 'आनंदी गोपाळ' आम्ही दोघांनीही शिकवली आहे. १८८३ मध्ये अठरा वर्षांची ती मुलगी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेली. नेसायला लुगडे. खोलीतली शेगडी धुराची, म्हणजे एक तर धूर सोसा नाही तर थंडी. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. हे आम्ही परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून सांगत असू. तिच्याकडे हिंदुस्थानातून गोपाळरावांची पत्रे जात. त्यांत मायाही असे आणि फार तिखट बोलही असत. उबेत बसलेल्या माणसाने थंडीतल्या माणसाला लिहिलेली पत्रे, असे त्यांच्याविषयी आम्हांला वर्गात कधी सुचले नव्हते. त्या दिवशी सुचले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

मग हवा उलटली. चार-पाच दिवसांत पारा दहा अंशांवर गेला. उणे एकतिसानंतरचे अधिक दहा म्हणजे वसंतच. लोक नुसत्या सदऱ्यावर फिरू लागले, छपरांवरून पाणी ठिबकू लागले. दादा कामावर गेला होता, वहिनी निजल्या होत्या आणि आम्हांला काही तरी उपयोगी पडण्याची अनावर इच्छा होत होती. स्वयंपाक वहिनींना वासाने सोसत नव्हता. औषधांचे वेळापत्रक दादाने इतके चोख लावले होते की त्यात हात घालायला जागा नव्हती. आमच्या नजरेस पडली ती इमारतीपुढे उघड्यावर उभी असलेली दादाची दुसरी, जुनी गाडी. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती खालून वरपर्यंत पांढरी झाली होती, भिंतीला लोणा लागावा तशी. पुण्यात आमच्या सोसायटीत रोज पहाटे बादली आणि फडके घेऊन गाड्या पुसल्या जातात. आम्ही बादली भरली, फडके घेतले आणि गाडी धुतली. पुढून धुतली, दोन्ही बाजूंनी धुतली. दाराच्या खाचांतले मीठ जावे म्हणून तेथे हात भरून पाणी मारले. मागच्या बाजूस येईतो पाणी संपले आणि बोटे बधिर झाली, म्हणून डिकी तशीच सोडली. संध्याकाळी दादाने गाडी पाहिली. "अरे, कशाला?" एवढेच म्हणाला. आम्हांला ते कौतुक वाटले.

त्याच आठवड्यात पारा पुन्हा शून्याच्या खाली घसरला. वहिनींची तिसरी केमो होती, साडेआठची वेळ. दादाची रोजची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि धुतलेली गाडीच न्यायची होती. गाडी आधी तापवून ठेवावी म्हणून आम्ही सव्वासातला किल्ली घेऊन खाली उतरलो. गाडी जुनी, तिचा रिमोट कधीच बंद पडला होता. किल्ली कुलपात गेली. फिरेना.

अशा कुलपाच्या आत पितळी पत्र्यांची एक रांग असते, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. किल्लीचे दाते त्या पत्र्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हा मधला गोल दांडा फिरतो. पत्र्यांच्या फटी अगदी सूक्ष्म. पाण्याचा एक थेंब तेथे बर्फ झाला, की तो किल्लीला आत येऊ देतो पण पत्र्यांना हलू देत नाही. म्हणजे किल्ली बरोबर असते, कुलूप बिघडलेले नसते, तरीही दार उघडत नाही. जोर लावला तर तुटते ती किल्ली, आणि निम्मी आत राहते.

जोर लावू नये एवढे आम्हांला समजले. पुढे मात्र खोबरेलाची बाटली आठवली. आमच्यापैकी एकजण वर जाऊन कढत पाण्याची किटली घेऊन आला. दुसऱ्याने 'जपून' म्हटले. 'नको' म्हटले नाही, त्यामुळे दोष दोघांचाही. पाणी कुलपावर ओतले. वाफ आली, किल्ली किंचित हलली. आम्ही हसलो. आणि तेवढ्यात ते पाणी दाराच्या पत्र्यावरून ओघळत, कडेच्या रबरात मुरत, पाहता पाहता दुधाळ झाले. बर्फाळ पत्रा इतकासा ऊबदारपणा क्षणात पिऊन टाकतो. मागे उरते ते आणखी पाणी, आणि त्याचा आणखी बर्फ. आता कुलूपच नव्हे, सबंध दार चौकटीला चिकटले होते. ते पाणी काचेवर पडले असते तर काच तडकली असती, हे नंतर कळले.

दादा खाली आला तेव्हा आठ वाजायला वीस मिनिटे होती. त्याने किटली पाहिली, दार पाहिले. आम्ही त्याच्या बोलण्याची वाट पाहत होतो; नऊ वर्षांचे सारे एकदम बाहेर पडेल असे वाटले. वर खिडकीत वहिनी टोपी घालून, तयार होऊन उभ्या होत्या. दादा म्हणाला, "कोणती बाजू धुतली नव्हती?"

"डिकी," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

डिकीच्या कुलपात किल्ली फिरली. ती का फिरली हे तेव्हा ध्यानात आले नाही, नंतर दादाने समजावून सांगितले. नुसत्या थंडीने कुलूप गोठत नाही. उणे एकतिसाच्या दिवशीही ते गोठले नव्हते, कारण आत गोठण्याजोगे काही नव्हते. ती थंडी कोरडी असते. कुलूप गोठते ते मधल्या उबेमुळे. बर्फ वितळतो, पाऊस येतो, कोणी मायेने गाडी धुतो. पाणी आत शिरते आणि मग थंडी परत येते. म्हणून तेथले जाणते लोक हिवाळ्यात गाडी धुतली, की दारे उघडून त्यांच्या कडा कोरड्या करतात, कुलपात ग्राफाइटची पूड फुंकतात आणि रबराला सिलिकोनचा हात फिरवतात. कुलूप गोठलेच तर त्यात अल्कोहोलचे औषध सोडतात, कारण अल्कोहोल त्या थंडीतही गोठत नाही. ती लहानशी बाटली खिशात किंवा घरात ठेवायची. ती गाडीतच ठेवणारे महाभाग पुष्कळ, आणि दादाही त्यांपैकीच एक : बाटली समोरच्या खणात होती, काचेतून दिसत होती. किल्ली काडेपेटीवर तापवण्याची युक्तीही चालते; पण अलीकडच्या किल्ल्यांच्या डोक्यात चिप असते, ती जपावी लागते. आणि चिकटलेले दार ओढायचे नसते; आधी आत दाबायचे. दाबले की कडेचा बर्फ तडकतो, ओढले की रबर फाटते.

पन्नाशी ओलांडलेला दादा डिकीतून आत शिरला. मागच्या सीटची पाठ आडवी केली आणि कोपरांवर सरपटत पुढे गेला. वाड्यातल्या कोठीच्या खिडकीतून तो लहानपणी असाच शिरत असे, बाहेरून कडी लागली की. आम्हीही त्याच्या मागोमाग शिरलो. शिरण्याची काही गरज नव्हती. बाहेर उभे राहवेना म्हणून शिरलो, असे म्हणू. इंजिन सुरू झाले. प्रथम गारच वारा आला, मग कोमट, मग ऊन. दार आतून तापेपर्यंत थांबण्यावाचून काही करता येत नव्हते. काचांवर बाहेरून दहिवर गोठलेले, त्यामुळे काहीच दिसत नव्हते.

दादा समोर पाहत म्हणाला, "तुमचं ते पत्र आहे माझ्याकडे."

आम्ही काहीच बोललो नाही.

"चांगलं लिहिलं होतं. मी दोन-तीनदा वाचलं." मग थांबून : "तेव्हा नोकरी गेली होती. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता. परवानगीचा कागद हातात नसताना देशाबाहेर पडलो असतो तर अर्ज सोडला असं धरतात. परत येताच आलं नसतं. हिची तेव्हा नोकरी नव्हती, पोरं शाळेत. बाबांना हे कळू नये असं वाटलं. म्हणून कोणालाच सांगितलं नाही."

"आम्हांला सांगायचं होतंस."

"पत्र येईपर्यंत सांगणार होतो," दादा म्हणाला.

याला उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी मिळून घासलेल्या त्या वाक्यांपैकी एखादे आठवते का ते पाहिले, बरीच आठवली. पत्र पाठवण्यापूर्वी एक फोन करून 'का जमत नाही?' एवढे विचारले असते तरी पुरले असते. ते विचारण्याइतकी कच्ची भाषा आमच्यापाशी त्या वेळी उरली नव्हती. 'चुकलं आमचं,' असे आम्ही म्हणालो. म्हणताना ते फार थोडे वाटले. दादाने मान हलवली आणि खांदा दाराला लावला. पहिल्या रेट्याला काही झाले नाही. दुसऱ्याला पापड मोडावा तसा आवाज झाला आणि दार उघडले.

रुग्णालयात पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला. तेथल्या परिचारिकेने त्याचे काहीच मानले नाही. अशा दिवसांत निम्मे लोक उशिराच येतात म्हणाली. वहिनींनी वाटेत एकदा विचारले, "तिघं मिळून आत काय करत होतात इतका वेळ?" दादा म्हणाला, "लॉक सुटायची वाट बघत होतो." तेव्हा आम्हांला हसू आले नाही; आता येते.

सारे निस्तरले असे लिहिण्याचा मोह होतो. पण बाबांच्या वेळी दादा नव्हता ही गोष्ट राहतेच, आणि ते पत्र आम्ही लिहिले ही गोष्टही राहते. वहिनींचे उपचार पुढे बराच काळ चालले. त्या आता बऱ्या आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणीच्या आठवड्यात चौघांचेही बोलणे कमी होते. आम्ही वर्गात 'गोठलेली नाती' हा शब्दप्रयोग अजून वापरतो, परंतु फळ्यावर लिहिताना हात जरा थांबतो. जे गोठते त्यात आधी ओलावा असावा लागतो, एवढे मुलांना सांगतो. कढत पाण्याचे सांगत नाही.

दरवर्षी नोव्हेंबर सरता सरता दादाचा फोन येतो. तेथे तेव्हा पहिला बर्फ पडून गेलेला असतो. त्याविषयी तो बोलत नाही. विचारतो, "काय रे, खोबरेल थिजलं का?" आम्ही न्हाणीघरात जाऊन बाटली उलटी करून पाहतो आणि खरे काय ते सांगतो. यंदा अजून थिजलेले नाही.